बिभीषणतात्यांची आडवी रेघ

खैरदऱ्यात कशावरही वाद होतो. बांध कुणाच्या हद्दीत, कोंबडी कुणाची, सोसायटीचा चेअरमन कुणाचा पाहुणा. पण टाकीत पाणी किती आणि ते कधीपर्यंत पुरेल, हे एकदा बिभीषणतात्यांनी सांगितलं की माणसं गुमान घरी जातात. सव्वीस वर्षं झाली, ग्रामपंचायतीचं पाणी तात्या सोडतात. पाथर्डीच्या अंगाला आमचं हे गाव, पाण्याच्या बाबतीत जन्माचं करंटं. अशा गावात पाणी सोडणाऱ्या माणसाला आमदारापेक्षा जास्त लोक ओळखतात, आणि शिव्याही जास्त देतात.

टाकीच्या बाहेरच्या अंगाला एक दोरी लोंबते. तिच्या टोकाला चुना लावलेला पांढरा धोंडा. दोरीचं दुसरं टोक कप्पीवरून आत गेलेलं, तिथं पाण्यावर बंद डबा तरंगतो. पाणी चढलं की धोंडा उतरतो, पाणी उतरलं की धोंडा चढतो. पलीकडे आकड्यांची पट्टी रंगवलेली होती, ती कधीच पुसली गेली. तात्यांनी ती पुन्हा रंगवू दिली नाही. ते रोज सकाळी धोंडा बघायचे आणि वहीत एक खूण करायचे. चढतं पाणी असेल तर वर तोंड केलेला बाण, उतरतं असेल तर खाली तोंड केलेला, आणि हललं नसेल तर आडवी रेघ.

मागच्या ग्रामसेवकाने एकदा वही बघून डोक्याला हात लावला होता. "अहो तात्या, लिटर लिहा ना! हे काय पोरांनी गिरगटल्यासारखं?"

"लिटरनं काय कळतंय सायेब?" तात्या म्हणाले. "चढतंय का उतरतंय ते बघायचं. उतरत आसंल तर कालच्यापरीस जोरात उतरतंय का सावकाश, ते बघायचं. आन् कशापायी, ते इचारायचं. एवढं कळलं की लिटर गेलं खड्ड्यात."

आणि हे नुसतं तोंडाचं नव्हतं. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊस तोडायला जातं, घरांना कुलपं लागतात. तेव्हा टाकी सावकाश उतरू लागली की बाकीचे म्हणायचे, विहिरीला पाणी वाढलं. तात्या म्हणायचे, "पानी न्हाई वाढलं, पिणारी गेली. इहीर हाय तशीच हाय. तोडकरी आले म्हंजी बघा." मार्चमध्ये तोडकरी परत यायचे आणि तात्यांचं म्हणणं खरं ठरायचं.

एका उन्हाळ्यात तर त्यांनी कमाल केली. मोटर चालू, तरी टाकी भरेना. धोंडा दोन दिवस जागचा हलेना. लोक म्हणाले, मोटर जळाली, नवी आणा. तात्या म्हणाले, "मोटर जळाली आसती तर धोंडा वर गेला आसता, गाव पानी वढतंयच की. धोंडा थांबलाय म्हंजी येतंय तेवढंच जातंय. गावाचं वढणं मला ठावं हाय, ते एवढं न्हाई. कुठंतरी फुटलंय." मग ते हातात लोखंडी सळई घेऊन सकाळी सकाळी पाइपलाइनवरून चालत निघाले. सळईचं एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. दर दहा पावलांवर थांबायचं आणि ऐकायचं. शाळेच्या वळणावर त्यांनी सांगितलं, हितं खणा. चार फुटांवर पाइप फाटलेला निघाला, पाणी खाली मुरुमात जिरत होतं. त्या दिवशी पारावर बसून त्यांनी जे सांगितलं ते अख्ख्या गावाला पाठ आहे. "थांबलंय म्हंजी काय चाललं न्हाई, आसं समजू नगा. दोगं बी पळत आसत्यात, येणारं बी आन् जाणारं बी. सारखं पळत्यात म्हनून आपल्याला थांबल्यागत दिसतंय."

हे वाक्य ध्यानात ठेवा. तात्यांनी ते सगळ्या गावाला शिकवलं आणि स्वतःच्या घरात विसरले.

त्यांच्या बायकोचं नाव विजयमाला. बाई कामाला वाघीण, बोलायला फटकळ, आणि चहाची इतकी शौकीन की सुगीत बांधावर तीन दगड मांडून स्वतःचा वेगळा चहा करायची. एकुलती एक मुलगी ज्योती, ती केडगावला दिलेली. घरात ही दोघंच. तीन वर्षांपूर्वी विजयमालाचे पाय सुजायला लागले. आधी गावातला डॉक्टर झाला, मग पाथर्डी झाली, मग नगर. नगरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढून सांगितलं, दोन्ही निकामी झाली आहेत. शरीरात गेलेलं पाणी आता बाहेर पडणार नाही. सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल.

ज्योती रडायला लागली. विजयमालाला काही उमगलं नाही, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि तात्यांना मात्र ते एका दमात कळलं. इतक्या लवकर कळलं की डॉक्टरीणबाईंनाही नवल वाटलं.

"खालचा व्हॉल्व्ह बंद पडलाय," तात्या म्हणाले. "वरनं येतंय ते येतंय, जायाला वाट न्हाई. म्हंजी चढनार. मशीनवर आठवड्यातनं दोनदा उपसायचं, आन् मधल्या दिसांत वरनं कमी सोडायचं."

"बरोबर," बाई म्हणाल्या. "दिवसाला तीन पेले. चहा, ताक, आमटी, सगळं त्यातच धरायचं."

परतीच्या एसटीत तात्यांना थोडा हुरूप आला होता, हे खोटं कशाला सांगू. आजार भयंकर होता, पण तो त्यांच्या धंद्यातला होता. त्यांना वाटलं, हे तर मी इतकी वर्षं करतोय. गावाचं करतो, तर घरचं करणार नाही?

मशीन चालवणारा ओंकार म्हणून एक तरुण होता, समजूतदार. त्याने तात्यांना वजनकाट्याचं सांगितलं. "मामा, पाणी डोळ्यांनी दिसत नाही, काट्यावर दिसतं. दोन मशीनच्या मध्ये वजन वाढलं ते पाणीच समजायचं." तात्यांनी गोल तबकडीचा काटा विकत आणला. मशीनला निघायच्या सकाळी काटा जिथवर गेलेला चालेल, तिथं काचेवर विजयमालाचीच एक लाल टिकली चिकटवली. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे ती काट्यावर उभी राहायची, हे चष्मा लावून वाकायचे, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेखाली खूण करायचे. मागच्या वेळेपेक्षा वाढलं तर वर बाण. कमी झालं तर खाली बाण. तेवढंच असेल तर आडवी रेघ.

"काटा टिकलीवर सरळ आला म्हंजी तू बरी," त्यांनी तिला शिकवलं. "बाकी कायबी ध्यानात ठिवू नगं. काटा सरळ, तर आपलं सगळं सरळ."

पहिलं वर्ष वाईट गेलं. बाण वर, बाण वर. एकदा श्वास लागून मधल्या दिवशीच पळवावं लागलं. तिला तहान मरणाची लागायची. तो आजारच तसा. जीभ टाळ्याला चिकटायची, ओठांना भेगा पडायच्या. तात्या वेलदोडा चघळायला द्यायचे, ओला फडका ओठांवरून फिरवायचे, आणि हंड्यावर स्वतः पहारा करायचे. सगळ्या गावाला पाणी सोडून हा माणूस घरी यायचा आणि बायकोपुढे तीन पेले मोजून ठेवायचा. आपल्याच हातांनी हे करावं लागतंय, याची त्यांना शरम वाटायची. ती शरम ते कुणाजवळ बोलले नाहीत.

"एक घोट द्या ना वो," ती म्हणायची.

"आज सोमवारचं बघितलंस न्हवं? बाण वर गेला."

"तुमच्या बाणाला आग लागली." असं म्हणून ती भिंतीकडे तोंड करायची.

ज्या सकाळी बाण वर जायचा, त्या दिवशी तात्या जेवायचे नाहीत. रागावायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, नुसते ओट्यावर बसून राहायचे. आणि ज्या सकाळी रेघ आडवी यायची, त्या दिवशी गडी एकदम वेगळा. एसटीत शेजाऱ्याशी गप्पा, दवाखान्यात ओंकारला भुईमुगाच्या शेंगा, येताना तिला गजरा. विजयमाला हे सगळं बघत होती. तीस वर्षं त्यांच्याबरोबर काढलेली बाई ती, तिला त्यांचा चेहरा वाचायला चष्मा लागत नव्हता.

दुसऱ्या वर्षाच्या दसऱ्यापासून रेघ आडवी यायला लागली. एक आली, दोन आल्या, मग ओळच लागली. सोमवारी आडवी, गुरुवारी आडवी. कार्तिक गेला, तोडकरी गेले, गाव निम्मं झालं, आणि तात्यांच्या भिंतीवर महिनाभर एकही बाण नव्हता. त्यांनी आयुष्यात कशाचा गर्व केला नाही, पण या कॅलेंडरचा केला. आल्यागेल्याला पान उलटून दाखवायचे. "बघा. टाकी कशी ठिवलीय."

आणि दिसायलाही ती बरी दिसत होती. निदान त्यांना तसं वाटलं. हाताची सूज उतरली. बांगड्या मनगटावर रुतायच्या त्या आता सैल झाल्या, हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या. तात्या खूश झाले. पाणी उतरलं, म्हणाले.

इथं थांबून कुणीतरी त्यांना एक प्रश्न विचारायला हवा होता. तो प्रश्न विचारणारा खैरदऱ्यात एकच माणूस होता, आणि तो स्वतः बिभीषणतात्या होता. हात बारीक झाले, पाणी उतरलं, मग काटा का उतरला नाही? एकीकडून कमी होतंय आणि तरी काटा जागच्या जागी आहे, म्हणजे दुसरीकडून काय चढतंय? पाइपलाइनवर त्यांनी हा सवाल दोन मिनिटांत टाकला असता. घरात टाकला नाही. आडवी रेघ इतकी हवीशी होती की तिच्या खाली खणून बघायची त्यांची छाती झाली नाही. माझं मत विचाराल तर खणावं असं त्यांना वाटलंच नाही, आणि हे जास्त वाईट आहे.

ती रात्री दोन उशा घेऊन झोपायची, मग तीन घ्यायला लागली, मग भिंतीला टेकून बसूनच डोळा लावायला लागली. मशीनच्या खुर्चीने पाठ धरली असेल, असं दोघांनी मिळून ठरवलं.

पौषात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "जेवण कसं आहे यांचं?"

विजयमालाने तोंड उघडायच्या आत तात्या म्हणाले, "यवस्थित हाय. वजन टिकून हाय की. बघा तुमीच." त्यांनी खिशातून घडी केलेलं कॅलेंडरचं पान काढून टेबलावर पसरलं. बाहेर तीस माणसं ताटकळत होती. बाईंनी पान बघितलं, हसल्या, "छान," म्हणाल्या. विजयमालाने पदर नीट केला.

माघ उजाडला. एका रविवारी दुपारी तात्या वरच्या आळीचं पाणी बंद करून घरी आले, तर ती उंबऱ्यात बसलेली. दोन्ही हात टेकलेले, तोंड उघडं, आणि छातीतून उकळत्या भातासारखा आवाज. ओठ निळे पडलेले. आळीतल्या छगनचा टेम्पो काढला. वाटेत तात्या तिला धरून बसले होते आणि एकच बोलत होते, "काटा सरळ हाय तुजा, माला. गुरवारीच बघितलाय. कायबी हुनार न्हाई." तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणाली की हो म्हणाली, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

नगर यायच्या आधी, चढ संपला तिथं, ती गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं पाण्याने भरली होती. तात्या ऐकून घेईनात. "कुटनं आलं पानी? वजन वाढलं न्हाई. एक बाण न्हाई वर दसऱ्यापासनं!" त्यांनी खिशातलं पान काढलं. ओंकार त्यांना हाताला धरून बाहेर घेऊन आला. बाकावर बसवलं. तो पोरगा स्वतःच रडवेला झाला होता.

"मामा, मामींच्या अंगावरचं मांस गेलं होतं," तो म्हणाला. "जेवणच नसणार पोटात. मांस उतरत गेलं आणि तेवढंच पाणी चढत गेलं. काटा दोन्हीची मिळून बेरीज दाखवतो. त्याला पाणी वेगळं आणि माणूस वेगळं कळत नाही. आम्हीही तेच वजन धरून चाललो. आम्हालाही दिसायला पाहिजे होतं."

तात्यांनी पानाची पुन्हा घडी केली. मग हळू आवाजात, वहीतलं वाचून दाखवावं तसं म्हणाले, "येतंय तेवढंच जातंय. थांबल्यागत दिसतंय." एवढंच.

पण इथवर एक गोष्ट त्यांना कळली नव्हती. ती जेवत का नव्हती, हे. आजाराने भूक गेली असेल, असं ज्योती म्हणाली, आणि तात्यांनी तेच धरलं. त्यात निदान कुणाचा हात नव्हता.

तेराव्यानंतर ज्योती केडगावला परत गेली. दुसऱ्या दिवशी शेजारची लंकाबाई आली. साठीची विधवा बाई, विजयमालाची जिवाभावाची. भाकरी आणि पिठलं ठेवलं, आणि जायला उठली तरी जाईना. दाराला धरून उभी राहिली.

"तात्या, एक सांगू का? न सांगता मला अन्न गोड लागंना."

"सांगा."

"माला रोज माझ्याकडं यायाची. तुमी पानी सोडायला गेलात म्हंजी. पदराखाली भाकरी आनायची, तिच्या वाटची. माझ्या कोंबड्यांना घालायची."

तात्यांनी वर बघितलं.

"आन् मग नळाखाली वंजळ धरायची. लई पियाची वो. डोळं मिटून पियाची. मी म्हनायची, आगं मरशील, तुला पानी बंद हाय. तर म्हनायची, बाई, भूक सोसती गं मला, तहान न्हाई सोसत. दोन भाकऱ्या खाल्ल्या न्हाईत तर तेवढंच पानी बसतंय. काट्याला काय, भाकरी काय न् पानी काय, एकच वजन. काटा सरळ आला की झालं."

लंकाबाई पदराने डोळे पुसत होती. "मी तुमास्नी सांगनार हुते. तिनं गळ्याची आन घातली. म्हनली, सांगू नगंस. रेघ सरळ आली की ते दिसभर हासत्यात. बाण वर गेला की माणूस जेवत न्हाई. त्यांची रेघ मोडायची न्हाई मला."

ती गेली. तात्या तिथंच बसून राहिले. भिंतीवर कॅलेंडर होतं, शेजारी खिळ्याला फाडलेली जुनी पानं, दसऱ्यापासूनची एकेक रेघ त्यांच्या हातची, जाड पेन्सिलने ओढलेली. त्यातली एकही काट्याने दिलेली नव्हती. सगळ्या तिने दिल्या होत्या, भाकरी टाकून, पोट मारून, नवऱ्याला हसता यावं म्हणून. आणि काटा सरळ म्हणजे सगळं सरळ, हे तिला शिकवलं होतं कुणी? त्यांना रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. छातीत काहीतरी चढत होतं आणि त्याला जायला वाट नव्हती.

सकाळी ते कामावर गेले. धोंडा बघितला. जागचा हलला नव्हता. वही उघडली, पेन्सिल टेकवली, आणि ती रेघ काही त्यांच्या हातून ओढवेना. जागा कोरी ठेवून वही मिटली. अजूनही वहीत त्या दिवसापासून बाण असतात, मध्ये कोऱ्या जागा असतात, आडवी रेघ कुठंच नाही. नवीन ग्रामसेवक विचारतो, तेव्हा ते ऐकू न आल्यासारखं करतात.

मग ते आपल्याच आळीच्या व्हॉल्व्हपाशी आले. खड्ड्यात उतरून चावी लावली, आटे फिरवले. पाइपमधून हवा सुटल्याचा आवाज आला, मग पाणी धावलं. तात्यांनी सवयीने सळई टेकवून कान लावला. पाणी लंकाबाईच्या नळाकडे चाललेलं त्यांना ऐकू येत होतं. याच व्हॉल्व्हमधून, याच हातांनी सोडलेलं पाणी ती प्यायची. तिला तीन पेले मोजून द्यायचे ते हात आणि ओंजळभर सोडायचे तेही हात, दोन्ही एकाच माणसाचे.

पाऊण तासाने आळीतले हंडे भरले. बंद करायची वेळ झाली. तात्यांनी बंद केलं नाही. हंडे ओसंडले, पाणी उंबऱ्यांवरून खाली आलं, रस्त्यातून गटारीला लागलं. इतक्या वर्षांत एक पेला वाया जाऊ न देणारा माणूस चावीवर हात ठेवून खड्ड्यात उभा होता.

"तात्या!" छगन दारातून ओरडला. "बंद करा की! समदं पानी गटारीत चाललंय!"

"पिऊ दे," तात्या म्हणाले.

"कुनाला? भरलं समद्यांचं!"

"पिऊ दे तिला," तात्या म्हणाले, आणि चावीवरचा हात काढून घेतला.

छगनला काही उमगलं नाही. तो खड्ड्यापाशी आला, तात्यांचं तोंड बघितलं, आणि तिथंच कडेला बसला. वरच्या आळीला त्या दिवशी पाणी मिळालं नाही. कुणी तक्रार केली नाही.